मोरेकाकूचं लंघन

मत्स्यालयाच्या अगदी टोकाला जिथे भिंत वळते, आणि सहलीला आलेली मुलं कंटाळून पायऱ्यांवर बसतात, तिथे मोरेकाकूची टाकी होती. काकू लांबीला हात-सव्वाहात, अंगाला ना खवले ना बाजूचे पर. पांढऱ्या कापडावर शाईचे शिंतोडे उडावेत आणि त्या ओल्या शाईत कुणी हळदीची बोटं टेकवावीत, असा रंग. नाकावर दोन इवल्या पिवळ्या नळ्या. दगडाच्या कपारीतून तेवढं तोंड बाहेर काढून ती बसायची आणि तोंड उघडायची, मिटायची. पुन्हा उघडायची, मिटायची. जणू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उणीदुणी काढतेय.

खरं तर ती श्वास घेत असायची. मोरे जातीच्या वामीच्या कल्ल्यांची भोकं बारीक, पाणी आत ओढायचं तर तोंड उघडावंच लागतं. काचेशेजारच्या पाटीवर हे सगळं छापलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? मुलांना वाटायचं, ही चावायला बघतेय. म्हाताऱ्यांना वाटायचं, पुटपुटतेय. नवीन लग्न झालेल्यांना वाटायचं, आपल्याला हसतेय. ज्याच्या मनात जे असेल, ते तो मोरेकाकूच्या तोंडी घालून पुढच्या टाकीकडे जायचा.

काकू हे नातं तिला तिकीट खिडकीवरच्या आत्याने दिलं. जातीचं नाव मोरे आहे असं कळल्यावर आत्या म्हणाली होती, आडनाव मिळालं, आता उगाच परक्यासारखं कशाला वागवायचं.

ही आत्या नुसती म्हणायला आत्या नव्हती. माशांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी खेकडे, कोलंबी, माकूल चिरणाऱ्या आचाऱ्याची ती धाकटी बहीण. आचारी आधी जहाजावर होता, जमिनीवर आला तो थेट इथे. त्याचा मुलगा इथलेच पंप, नळ आणि फिल्टर बघायचा. आणि त्या मुलाची बायको, म्हणजे आचाऱ्याची सून, इथे काचा पुसायला होती. व्यवस्थापक साहेब कधी वैतागले की विचारायचे, हे मत्स्यालय आहे की तुमचं माजघर? त्यावर आचारी शांतपणे म्हणायचा, "माजघरात इतकी ओल नसते, साहेब."

काचा पुसणं म्हणजे लोकांच्या नाकांचे आणि बोटांचे ठसे पुसणं. सून ते निमूट करायची, पण तिचं फडकं मोरेकाकूच्या काचेपाशी आलं की रेंगाळायचं. बाहेरून पुसता पुसता आत बघायची तिला सवय लागली, बघता बघता विचारायची, आणि विचारता विचारता शिकायची. तिला कळलं की काकूची नजर अधू आहे, सगळा कारभार त्या दोन पिवळ्या नळ्यांच्या वासावर चालतो. तिला कळलं की समुद्रातल्या इतर मोरेंचे दात सुईसारखे, पण काकूच्या जातीचे बोथट, खेकड्याचं कवच फोडण्यासाठीच घडवलेले. घशात आणखी एक जबडा असतो, पुढच्याने धरलं की तो मागून पुढे येतो आणि घास आत ओढून नेतो. आणि हेही कळलं की अंड्यातून निघाल्यावर ही असली ठसठशीत बाई आधी काचेच्या पानासारखी असते. पारदर्शक, चपटी, बोटाएवढी. तशीच लाटांवर तरंगत राहते, कुठल्या प्रवाळाच्या कपारीत आपलं घर आहे हे ठाऊक नसताना.

हे शेवटचं कळलं त्या दिवशी ती बराच वेळ फडकं हातात धरून उभी होती.

शेवटी साहेबांनी कंटाळून म्हणा किंवा कौतुकाने म्हणा, ती एक टाकी तिच्या हवाली केली. जमलं तर पुढच्याही देऊ म्हणाले. नाही जमलं तर फडकं आहेच.

आणि जमेनासंच झालं.

पहिले काही आठवडे काकू शहाण्यासारखी खायची. आठवड्यातून दोनदा लांब चिमट्यात खेकड्याचा तुकडा धरून सून तो कपारीपाशी न्यायची, पिवळ्या नळ्या थरथरायच्या आणि घास गडप. मग एका दिवशी तिने तोंड फिरवलं. पुढच्या खेपेलाही फिरवलं. चिमटा आला की काकू सावकाश मागे सरकायची. एखादी तृप्त बाई तिसऱ्यांदा वाढायला आलेल्याला हात आडवा करते, अगदी तशी.

आचाऱ्याने ते मनाला लावून घेतलं. जहाजावर वादळातसुद्धा माझं ताट कुणी परत पाठवलं नाही, असं तो दिवसभर सुरीला सांगत बसला. त्याने खेकडा बदलला, कोलंबी दिली, माकूल इतकी पातळ कापून दिली की तिच्यातून पलीकडचं दिसावं. सगळं जसंच्या तसं परत.

पण गंमत अशी, की उपाशी काकू वाळत नव्हती. उलट फुगत चालली होती. तिची कंबर, म्हणजे वामीला जिथे कंबर असावी ती जागा, आता कपारीत मावेना. मत्स्यालयात कुजबुज सुरू झाली. आत्याने तर सरळ, काकूला दिवस गेलेत, असं जाहीर करून टाकलं. त्यावर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंडी असू शकतात, पाणी साठलेलं असू शकतं, काहीही असू शकतं. शिवाय या जातीत मादीचा पुढे नर होतो असंही काही अभ्यासक म्हणतात. आत्या विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे उद्या मोरेकाका म्हणायचं की काय? मी आता नवीन नाती लक्षात ठेवणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण जाताना त्यांनी साहेबांना जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. शनिवारी त्या पुन्हा येणार होत्या. तोवर काकूने चिमट्याने खाल्लं तर ठीक. नाहीतर तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मत्स्यालयात तपासणीला पाठवायचं. तिकडून परत येण्याचं कुणी बोललं नाही. साहेबांनी रिकाम्या होणाऱ्या टाकीसाठी नारिंगी पट्ट्यांचे मासे आत्ताच मनात धरले होते, मुलांना ते फार आवडतात म्हणे. आणि सुनेला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की तुझं फडकं कुठे ठेवलंयस?

त्या संध्याकाळी घरी जेवताना ती गप्प होती. बाकीचे तिघेही गप्प होते, पण त्यांच्या गप्प राहण्याची जात वेगळी होती. सासरे म्हणाले, खाईल गं, नको काळजी करू. नवरा म्हणाला, खाईल. आत्याही तेच म्हणाली. तिघांच्याही आवाजात असा काही भरवसा होता, की दुसरी कुणी असती तर तिला संशय आला असता. हिला नुसतं भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने बसून नीट विचार केला. न खाता कुणी जाडं होत नाही. म्हणजे काकू काहीतरी खातेय. म्हणजे टाकीत कुठून तरी काहीतरी येतंय. दगडांच्या फटीत एखादी खेकड्याची वसाहत असेल, किंवा शेजारच्या टाकीच्या नळातून कोलंब्या सरकत असतील. तेव्हा दुपारच्या सुट्टीत, दालन बंद असताना, टाकीच्या मागे बसून पाळत ठेवायची.

टाक्यांच्या मागची बोळ म्हणजे सगळा पाइपांचा संसार. घरघरणारे फिल्टर, थेंब थेंब गळणारे नळ, मिठाने पांढऱ्या झालेल्या पट्ट्या. मोरेकाकूच्या टाकीमागे मोठा फिल्टर आणि भिंत यांच्यात एका माणसापुरती जागा होती. तिथे बादली पालथी घालून ती बसली. झाकणाखालून टाकीचं पाणी दिसत होतं आणि काकूची उघडमीट.

आधी नवरा आला. त्याचा पाना त्याच्या हातात होता, म्हणून तिने हाक मारली नाही. कामाला आला असेल. त्याने पाना खाली ठेवला. झाकण उचललं. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून सोललेली कोलंबी काढली आणि दोन बोटांत धरून पाण्यात सोडली. काकू सटकन बाहेर आली आणि कोलंबी नाहीशी झाली.

सून उठणारच होती. तिच्या जिभेवर तीन-चार वाक्यं तयारही होती. पण तेवढ्यात नवरा बोलायला लागला, आणि तो घरी दिवसभरात बोलतो त्याहून जास्त बोलला.

"काकू, तिच्या हातचं खात नाहीस, निदान माझ्या हातचं तरी पोटात राहू दे. ती रात्रभर कूस बदलत असते. मी जागाच असतो. पण काय झालं असं विचारलं, तर ती सांगेल आणि मला काहीच करता येणार नाही, म्हणून झोपल्याचं सोंग घेतो. हे एवढंच येतं मला."

काकूने तोंड उघडलं, मिटलं. त्याला ते पुरलं असावं. पाना उचलून तो गेला.

सून बादलीवर तशीच बसून राहिली. तयार वाक्यं कुठे गेली ते तिला कळेना. ती सापडायच्या आत बोळीत बांगड्या वाजल्या आणि आत्या आली. पर्समधून चष्म्याचं घर निघालं, चष्म्याच्या घरातून खेकड्याची नांगी निघाली. आत्याने काकूला भरवलं ते रागावतच. नखरे पुरे झाले म्हणाली. आख्ख्या मत्स्यालयात ही एकच पोर आहे जी मला बसून बसून पाय भरून येतात का असं विचारते, आणि तू तिलाच रडवतेस? गीळ मुकाट्याने.

काकूने मुकाट्याने गिळलं.

इतक्यात चपला घासत येण्याचा आवाज झाला. तो आवाज आत्या लहानपणापासून ओळखत होती. तिने झाकण टाकलं, इकडेतिकडे बघितलं आणि लपायची एकच जागा होती तिथे घुसली. म्हणजे फिल्टरच्या मागे. म्हणजे सुनेच्या मांडीवर.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ओरडायची सोय नव्हती. आत्याने तोंडावर बोट ठेवलं, आपल्या की सुनेच्या ते घाईत तिचं तिलाच समजलं नाही.

आचारी आला तो वाटी घेऊनच. रीतसर झाकलेली वाटी. त्याने बाह्या सारल्या, झाकण उचललं, आणि चिरताना गुणगुणायचा त्याच चालीत हळूच म्हणाला:

*"दगडाच्या घरात गं, कोण बसलंय रुसून,*
*काकू, घे गं एक घास, आणलाय खेकडा सोलून.*
*सून माझी गुणाची गं, तिचे डोळे भरलेले,*
*तुझ्या एका घासावर तिचे दिवस तरलेले."*

आणि खेकड्याचा चांगला मोठा लगदा त्याने पाण्यात सोडला. काकू या खेपेला जरा थांबली. थांबली, दमली, आणि केवळ मोठ्यांचा मान राखायचा म्हणून तिने तोंड पुढे केलं.

आत्याला हे सहन झालं नाही. ती फिल्टरमागून बाहेर आली.

"दादा, तू भरवतोस? मग मी रोज काय पाण्यात टाकते?"

आचाऱ्याच्या हातातली वाटी टाकीत पडली. तिच्या आवाजाने मुलगा पाना घेऊन धावत आला, आणि तिघं तिथे उभी राहिली, चोरी एकाच घरात सापडल्यासारखी. मग फिल्टरमागून सून उठली.

तिला खूप रागवायचं होतं. रागवायचा हक्कही होता. हाताने खायला घालायचं नाही हा मत्स्यालयाचा पहिला नियम, आणि तिघांनी मिळून तो रोज मोडला होता. पण कुणाकडे बघून रागवायचं ते ठरेना. सासऱ्यांचे कान लाल झाले होते. नवरा पान्याकडे असा बघत होता, जणू उत्तर त्याच्यावर कोरलेलं आहे. प्रत्येकाला वाटत होतं की आपण तेवढं एकटेच थोडंसं देतोय, बिचारी उपाशी आहे, सारखी तोंड उघडून मागतेय.

"ती मागत नाही," सून म्हणाली. "श्वास घेते."

आत्या खाली बसली. "म्हणजे इतके दिवस आम्ही तिच्या श्वासात कोलंब्या कोंबत होतो?"

वाटी चिमट्याने वर काढून सुनेने निकाल दिला. आजपासून शनिवारपर्यंत लंघन. काकूला घास नाही, आणि तिघांनी बोळीत पाऊल टाकायचं नाही. सासरे म्हणाले, मरेल गं ती. तिने सांगितलं की समुद्रात ही जात एकदा पोटभर खाल्लं की कितीतरी दिवस कपारीत नुसती बसून राहते. हिला भूक लागायला आपण वेळच दिलेला नाही.

काकूने लंघन सहज निभावलं. हाल झाले ते बाकीच्यांचे. आचारी स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मान भिंतीकडे वळवून चालायला लागला आणि एकदा साहेबांवर आदळला. नवऱ्याने त्या टाकीच्या पंपाचा आवाज लांबूनच ऐकून तो ठीक आहे असं ठरवून टाकलं. आत्या तिकीट फाडून देताना प्रत्येकाला बजावायची, टोकाच्या टाकीत जी बसलीय तिच्या तोंडाकडे बघू नका, माया लागेल. त्यामुळे लोक आधी धावत तिकडेच जायला लागले.

शनिवारी काकूची कंबर पुन्हा कपारीत मावत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. साहेब आले. लांब उभं राहायची परवानगी मिळालेले तिघेही आले. सुनेने चिमट्यात खेकड्याचा तुकडा धरला आणि कपारीपाशी नेला. काकू पुढे आली. पिवळ्या नळ्या थरथरल्या. ती आणखी थोडी पुढे आली, आणि एकदम मागे सरकून दगडात शिरली, पार शेपटीपर्यंत.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. साहेबांनी घसा साफ केला. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, की गाडी सोमवारची सांगायची का?

भूक आहे, पुढे आली म्हणजे भूक आहे. मग वळली का? नजर तर तिची अधू. म्हणजे जे काही आहे ते वासात आहे. तिने चिमटा पाण्यातून काढला आणि नाकाशी नेला.

लिंबू. स्वच्छ, सुवासिक, भांडी घासायच्या साबणाचं लिंबू.

तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो अभिमानाने हसला आणि खुणेनेच दाखवलं, की सकाळी येऊन मी घासून ठेवला. चकचकीत.

तिने चिमटा नळाखाली धरून खळखळून धुतला, टाकीच्याच पाण्यात बुडवला, फुटक्या खेकड्याच्या कवचाने वरपासून खालपर्यंत चोळला, पुन्हा बुडवला. सगळे बघत राहिले. मग नवा तुकडा धरून तिने तो कपारीच्या तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला. ढकलला नाही, हलवला नाही. आपलाही श्वास धरला.

नळ्या आधी दिसल्या. मग शाईचे शिंतोडे. काकूने सावकाश, कुणाचीही भीड न बाळगता, तुकड्याभोवती नाक फिरवलं, आणि मग असा झडप घालून धरला की चिमटा सुनेच्या हातातून निसटता निसटता राहिला. अंगाची गाठ मारून तिने तो दगडाला दाबला. कवच कडकन मोडल्याचा आवाज काचेबाहेर ऐकू आला. घशात काहीतरी हललं, आतल्या जबड्याने आपलं काम केलं, आणि काकू पुन्हा दारात येऊन बसली. उघडमीट, उघडमीट.

आत्याने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाली. आजूबाजूला सगळं पाणीच होतं.

साहेब नारिंगी माशांविषयी काही बोलले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले, की शेजारची टाकीही बघायला सुरुवात कर, फडक्यासाठी दुसरं माणूस शोधतो. डॉक्टरीणबाई मात्र थांबल्या. त्यांनी एकदा काकूच्या उतरलेल्या पोटाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"काय झालं होतं हिला, खरं सांग."

तिघं श्वास रोखून उभी होती. आचाऱ्याची तर नोकरीच त्या उत्तरात होती.

"आजार नव्हता," ती म्हणाली. "सासुरवास होता. लाडाचा."

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. आचाऱ्याने हात पाठीमागे घेतले, आत्याने पर्स छातीशी धरली. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. माझ्याकडच्या सासूबाईंना एकदा इथे आणते, एवढं म्हणून त्या हसत हसत पायऱ्या उतरल्या.

दालन रिकामं झालं तेव्हा सून पायरीवर बसली. तिघं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला हसू आलं, थोडं रडूही आलं, आणि त्या दोन्हींच्या मधोमध सापडून ती बोलून गेली, की त्या काकूला तिघांनी मिळून भरवलं, आणि मी सकाळपासून पाण्याच्या घोटावर आहे, मला कुणी विचारलं का?

बोलली आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे बोलायला नको होतं. कारण तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तिघं तीन दिशांना बघत होती, प्रत्येक जण आपल्यापुरतं काहीतरी ठरवत. सासऱ्यांच्या बाह्या वर जायला लागल्या होत्या. आत्याची पर्स उघडत होती. नवऱ्याचा हात खिशाकडे गेला होता.

सुनेने तोंड मिटून घेतलं, आणि श्वास नाकाने घ्यायला सुरुवात केली.